दिवा निळा, पाणी हिरवं

टाकी १८० सेंटीमीटर लांब, ७५ रुंद, ७५ उंच. कागदावर हजार लिटरच्या थोडी वर. वाळू, लाकडं, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की खरं पाणी साधारण ८५० लिटर. आत अठरा-वीस मासे: एंजल, सिल्व्हर डॉलर, रेनबो, तळाशी दोन म्हातारे प्लेको. खालच्या कपाटात सम्प, म्हणजे गाळणीची खालची टाकी, आणि सम्पमधून पाणी वर नेणाऱ्या पाइपवर ३६ वॉटचा यूव्ही स्टेरिलायझर, म्हणजे पाणी अतिनील किरणांच्या दिव्यासमोरून नेणारं यंत्र. टाकी माझ्या मित्राची. यूव्ही चालू होता, झाकणाच्या बारीक खिडकीतून निळा उजेड दिसत होता, आणि टाकीची मागची भिंत मात्र दिसत नव्हती. एंजल काचेजवळ आले की दिसायचे, वळले की हिरव्या धुक्यात गडप.

त्याचं म्हणणं असं: "दोन वर्षांपूर्वी ह्याच यंत्राने पाच दिवसांत पाणी आरशासारखं केलं होतं. आता तीन आठवडे झाले, ढिम्म फरक नाही. यंत्र बिघडलं म्हणावं तर दिवा पेटतोय."

प्रश्न रास्त होता. यूव्ही घेणाऱ्यांपैकी निम्मे लोक कधी ना कधी इथेच अडकतात, असा माझा अनुभव आहे. बाकीचे निम्मे विचारायच्या भानगडीत पडत नाहीत, यंत्र काढून माळ्यावर टाकतात.

आधी विचारपूस

यंत्राला हात लावण्यापूर्वी मी त्याला एकच विचारलं: पाणी स्वच्छ होतं तेव्हापासून आजपर्यंत या टाकीत काय काय बदललं? "काहीच नाही," असं उत्तर आलं. मग थोडं खणल्यावर एकेक गोष्ट वर आली.

आठ महिन्यांपूर्वी पंप बदलला होता. जुना पंप दमला होता, म्हणून त्याच्या जागी मोठा बसवला; जास्त पाणी फिरेल तेवढं गाळण चांगलं, हा विचार. सहा महिन्यांपूर्वी एक मोठं लाकूड आणलं, दोन दिवस भिजवलं आणि टाकीत सोडलं. दिव्यांचा टायमर आठ तासांवरून अकरा तासांवर गेला होता, कारण संध्याकाळी घरी आल्यावर टाकी बघायला मिळत नव्हती. पाणी बदलणं आठवड्यावरून "जमेल तसं" यावर आलं होतं. आणि यूव्हीची नळी?

"ती बदलायची असते?"

२२ महिने ती अहोरात्र पेटत होती. म्हणजे सुमारे १६,००० तास. अशा नळ्यांचं उपयोगी आयुष्य बहुतेक बनवणारे आठ ते नऊ हजार तास सांगतात, म्हणजे सलग चालवली तर साधारण एक वर्ष.

आणखी एक गोष्ट त्याने जरा चाचरत सांगितली. मला बोलावण्याच्या आदल्या रात्री "दिवा नीट पेटतोय का" हे बघायला त्याने झाकण उघडून नळी बाहेर काढली होती आणि पेटवून पाहिली होती. अर्धा मिनिट, फार तर एक. तेव्हा काहीच वाटलं नाही. मध्यरात्रीनंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागलं, पाणी यायला लागलं, उजेड सहन होईना. वेल्डिंग करणाऱ्यांना हा त्रास माहीत असतो. डोळ्याचा वरचा पडदा भाजतो आणि दुखणं काही तासांनी सुरू होतं, त्यामुळे माणसाला कारण लगेच उमगत नाही. त्याचं एक-दोन दिवसांत निवळलं, पण हे नशिबावर सोडण्यासारखं नाही. यूव्ही-सी, म्हणजे जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांची नळी उघड्यावर कधीही पेटवायची नाही, एका डोळ्याने नाही, बोटांच्या फटीतून नाही. यंत्र उघडायचं तर प्लग भिंतीतून काढून, नुसता स्विच बंद करून नव्हे. आणि पाण्यात वीज खेळवणारी टाकी आरसीसीबीशिवाय, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचशिवाय, चालवू नये. वायरलाही सॉकेटच्या खाली झोल द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत न जाता झोलातून टपकेल.

बादली, पांढरा मग आणि नळीचं कवच

पहिली शंका: हे पाणी खरंच शेवाळाने हिरवं आहे ना? पारदर्शक बाटलीत घेऊन पांढऱ्या कागदासमोर धरलं. हिरवं. जाड कापडातून गाळलं तरी हिरवंच, म्हणजे कण इतके बारीक की कापडात अडकत नाहीत. एकपेशी, तरंगतं शेवाळ. दुधाळ पांढरं दिसलं असतं तर गोष्ट जिवाणूंच्या उसळीची असती आणि मी आधी फिल्टर व खाण्याकडे वळलो असतो.

दुसरी शंका वेगाची. नव्या पंपाच्या खोक्यावर ताशी ६,००० लिटर लिहिलेलं होतं. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी वर चढवायचं, कोपरे वळवायचे म्हटलं की तो घसरतो. म्हणून परतीच्या पाइपखाली दहा लिटरची बादली धरली आणि घड्याळ लावलं. नऊ सेकंदांत भरली. म्हणजे ताशी ४,००० लिटर, आणि ते सगळं यूव्हीतून. जुन्या पंपाने यूव्हीतून ताशी साधारण २,००० जात असावं, असं त्याच्या जुन्या वहीतल्या नोंदीवरून दिसलं. (टाकीची वही ठेवणारा माणूस हजारात एक. त्या बाबतीत त्याला पूर्ण गुण.)

तिसरी, पाण्याचा रंग. हे अवघड होतं, कारण हिरव्याखाली दुसरा रंग दिसत नाही. बाटलीतलं पाणी दोन दिवस अंधारात ठेवल्यावर शेवाळ बरंचसं तळाला बसलं; वरचं पाणी पांढऱ्या मगात ओतलं तर फिकट पिवळसर तपकिरी. लाकडाचं टॅनिन. डोळ्याला हा रंग छान वाटतो, माशांनाही मानवतो. पण जे पाणी आपल्याला नुसतं पिवळसर दिसतं ते यूव्ही-सीला त्याहून खूप गढूळ असतं. टॅनिन आणि तसले सेंद्रिय पदार्थ दृश्य प्रकाशापेक्षा अतिनील किरण जास्त शोषतात.

मग प्लग काढून यंत्र उघडलं. नळीभोवती क्वार्ट्झची एक बाहेरची नळी असते, तिला आम्ही कवच म्हणतो. साधी काच २५४ नॅनोमीटरचे किरण अडवते, क्वार्ट्झ जाऊ देतं, म्हणून हा खर्चिक खटाटोप. कवच बाहेर आलं तेव्हा त्यावर पांढुरका तपकिरी थर होता: क्षार, आणि त्यावर चिकटलेला मातकट लेप. नखाने ओढलं तर रेघ उमटली. मित्र म्हणाला, "पण यातून उजेड तर येतच होता." येणारच. गोम इथेच आहे.

तो निळा उजेड कसला

नळीत कमी दाबाची पाऱ्याची वाफ असते. वीज गेली की ती मुख्यतः २५४ नॅनोमीटरला किरण टाकते. हे किरण पेशीच्या डीएनएत शेजारी-शेजारी असलेल्या थायमिन नावाच्या कड्या एकमेकींना जोडून टाकतात. मग डीएनएची प्रत निघत नाही आणि पेशीचं विभाजन थांबतं. शेवाळ जागच्या जागी जळून जातं असं नव्हे. ते वांझ होतं आणि मग मरतं.

हे किरण डोळ्याला दिसत नाहीत. आपल्याला दिसतो तो निळसर उजेड म्हणजे त्याच पाऱ्याचा थोडासा उरलेला दृश्य हिस्सा. वर्षानुवर्षं पेटल्यावर नळीच्या भिंतीवर पारा आणि इलेक्ट्रोडचा मळ बसतो, भिंतच यूव्ही-सीसाठी काळवंडते. निळा उजेड मात्र जवळपास तसाच राहतो. दिवा "पेटतोय" हे पाहून यूव्हीचं काम तपासणं म्हणजे गॅसची ज्योत पाहून कुकरमध्ये पाणी आहे की नाही ते ठरवण्यासारखं.

हिशेब

यूव्हीची मात्रा म्हणजे किरणांची तीव्रता गुणिले त्यांच्यासमोर घालवलेला वेळ. तिचं माप मिलिज्यूल प्रति चौरस सेंटीमीटर; जुन्या तक्त्यांत ती मायक्रोवॅट-सेकंदात दिसते, तेव्हा हजाराने भागायचं. क्लोरेलासारख्या तरंगत्या शेवाळासाठी तक्त्यांत साधारण २२ मिलिज्यूल दिलेले असतात. मित्राच्या यंत्राच्या पुस्तिकेत ताशी २,००० लिटरला ३० मिलिज्यूल असा आकडा होता, नवी नळी आणि स्वच्छ पाणी धरून. दोन वर्षांपूर्वी पाच दिवसांत पाणी का निवळलं याचं उत्तर त्यातच आहे.

आता आजचं पाहू. वेग दुप्पट झाला, म्हणजे वेळ निम्मा: ३० चे १५. नळीचा जोर किती उरला हे घरी मोजता येत नाही. १६,००० तासांनंतर निम्मा धरला तर ७.५. कवचावरच्या थराने निम्मं अडवलं म्हणू: ३.७५. टॅनिनने उरलेल्याचं निम्मं खाल्लं: दोनच्या खाली. पहिला निम्मा बादलीने मोजलेला आहे, बाकीचे तीन माझे अंदाज आहेत. एखादा चाळीस टक्के असेल, एखादा साठ. त्याने काही बिघडत नाही. दाखवायचं हे की हे तोटे बेरजेत येत नाहीत, गुणाकारात येतात. चार किरकोळ ढिलाया, त्यातली एकही एकटी असती तर यंत्राने बहुधा निभावून नेलं असतं. चार मिळून ३० चे दोन होतात.

आणि अर्धवट मात्रा म्हणजे अर्धं काम, असंही नसतं. १९४९ मध्ये अल्बर्ट केल्नर यांनी दाखवून दिलं की यूव्हीने दुखावलेल्या पेशी दृश्य प्रकाश मिळाला की आपल्या डीएनएची डागडुजी करतात. आपण काय करतो? दुखावलेलं शेवाळ सम्पमधून वर आणून अकरा तास लख्ख दिव्याखाली सोडतो. त्याहून चांगला दवाखाना त्याला मिळणार नाही.

"मग वेग एकदम कमी करूया"

हिशेब पटल्यावर मित्र दुसऱ्या टोकाला गेला. त्याला यूव्हीतून ताशी ३०० लिटरच सोडायचं होतं. हळू तेवढं चांगलं, हे ऐकीव ज्ञान सगळीकडे फिरत असतं. यावर आमची चांगली तासभर जुंपली.

टाकी म्हणजे नळ नव्हे. नळाचं पाणी दिव्यासमोरून एकदा जातं आणि संपतं. टाकीत मात्र दिव्यासमोरून आलेलं पाणी पुन्हा त्याच पाण्यात मिसळतं. ८५० लिटर यूव्हीतून वाहून गेलं तरी टाकीतलं जेमतेम ६३ टक्के पाणी एकदा तरी दिव्यासमोर आलेलं असतं. बाकीचं चुकवून फिरत राहतं. १०,००० भागांतला एकच भाग न गेलेला उरावा असं हवं असेल तर ९.२ फेऱ्या लागतात. ताशी १,५०० लिटरला त्या सव्वापाच तासांत होतात, ताशी ३०० ला २६ तास. शेवाळ अनुकूल दिवसांत चोवीस तासांत दुप्पट होऊ शकतं. खरं सांगायचं तर ३०० लाही आपण जिंकलो असतो, पण रेंगाळत. आणि एकपेशी शेवाळापुरती ४० मिलिज्यूलच्या पुढची मात्रा वाया जाते. मेलेल्याला पुन्हा मारून काय मिळणार?

शेवटी पंपानंतर टी-जोड टाकला. एक फाटा थेट टाकीकडे, दुसरा व्हॉल्व्हमधून यूव्हीकडे. बादली दहा लिटरला २४ सेकंद घेईपर्यंत व्हॉल्व्ह आवळला: ताशी १,५००. पुस्तिकेचा आकडा धरून हिशेबाने ४० मिलिज्यूल. यूव्हीचा फाटा सम्पच्या शेवटच्या कप्प्यातल्या गाळलेल्या पाण्यावरच राहिला, कारण तरंगणाऱ्या कणांच्या सावलीत शेवाळ वाचतं. आणि यूव्हीतून बाहेर पडणारं पाणी टाकीच्या दुसऱ्या टोकाला सोडलं. बाहेर पडलेलं पाणी लगेच पुन्हा आत ओढलं जाईल अशी जोडणी मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता यंत्राआधी पाइपच बघतो.

कवच सायट्रिक आम्लाच्या कोमट पाण्यात तासभर बुडवून मऊ कापडाने पुसलं. घासणी नाही, चरे पडले की त्यांत थर लवकर धरतो. नवी नळी कापडात धरून बसवली, बोटांचं तेल काचेवर नको. रबरी कडी नवी घातली. जुनी नळी कचऱ्यात नाही, तिच्यात पारा असतो. ती वेगळी ठेवली. यंत्राच्या अंगावर मार्करने तारीख. सम्पमध्ये सक्रिय कोळशाची पिशवी, टॅनिन ओढायला. दिव्यांचा टायमर सात तासांवर.

तिसरी सकाळ

इथे चूक माझी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी हिरव्याचं राखाडी हिरवं झालं. मित्र खूश, मीही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन: सगळे मासे पृष्ठभागावर, तोंडं वर करून. पाणी दुधाळ. अमोनिया लिटरला ०.५ मिलिग्रॅम.

हजार लिटरच्या टाकीत तरंगतं शेवाळ म्हणजे काही नुसता रंग नाही, तो सेंद्रिय पदार्थाचा ढीग असतो. ते एकदम मेलं की कुजणार, कुजताना जिवाणू ऑक्सिजन ओढणार, अमोनिया सुटणार. रात्री दिवे बंद असतात, त्यात दिवसा ऑक्सिजन तयार करणारं शेवाळही मेलेलं. पहाटे ऑक्सिजन अगदी कमी. त्यातच सम्पमधली बारीक गाळणीची फोम मेलेल्या शेवाळाने गच्च भरून पाणी कडेने उडी मारून जात होतं. हे सगळं मला माहीत होतं आणि मी त्याला आधी सांगितलं नव्हतं.

हवेचे दोन पंप लावले, खाणं बंद केलं, ३० टक्के पाणी बदललं, फोम सकाळ-संध्याकाळ धुतली. दुपारपर्यंत मासे खाली उतरले. एकही गेला नाही, पण एक म्हातारा प्लेको दोन दिवस कोपऱ्यात मंद पडून होता. आता कुणी गडद हिरव्या टाकीवर यूव्ही लावणार असेल तर मी आधी अर्धं पाणी दोन हप्त्यांत बदलायला लावतो, म्हणजे मरायला शेवाळच कमी उरतं, आणि हवेचा दगड आधी, यूव्ही नंतर.

फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतील का, ही त्याला भीती होती. नाही. अमोनिया पचवणारे जिवाणू फोमवर, दगडांवर, वाळूवर चिकटून राहतात. दिव्यासमोरून जातात ते फक्त पाण्यात सुटे फिरणारे. अमोनिया चौथ्या दिवशी शून्यावर आला तो त्या चिकटून बसलेल्यांनीच आणला.

सहाव्या दिवशी मागची भिंत दिसली. नवव्या दिवशी पाणी असं की मासे हवेत टांगल्यासारखे. आणि त्याच आठवड्यात काचेवर हिरवे ठिपके आणि लाकडावर केसाळ शेवाळ वाढायला लागलं. साहजिक आहे. नायट्रेट, म्हणजे शेवाळाचं खत, लिटरला ८० मिलिग्रॅमच्या आसपास होतं. यूव्हीने त्यातला कणही कमी केला नव्हता. तरंगतं शेवाळ गेलं, उजेड तळापर्यंत पोहोचला, खत तसंच; मग चिकटून वाढणाऱ्याला रान मोकळं. जे दिव्यासमोरून जात नाही त्याला दिवा काही करू शकत नाही. हे वाक्य मी त्या दिवशी म्हणालो, त्यानेही मान डोलावली. महिन्याभराने तेच त्याच्या डोक्यातून निसटलं.

सहा क्लाउन लोच

पाणी निवळल्याच्या आनंदात त्याने सहा क्लाउन लोच जातीचे मासे आणले आणि थेट टाकीत सोडले. नवे मासे आधी वेगळ्या टाकीत चार आठवडे ठेवायचे असतात, हे त्याला ठाऊक होतं. "पण आता यूव्ही दणक्यात चालतोय ना. रोगाला संधीच कुठे?"

पाचव्या दिवशी लोचच्या काळ्या पट्ट्यांवर मिठाचे दाणे शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके. व्हाइट स्पॉट, म्हणजे इक. लोच या रोगाला फार लवकर बळी पडतात.

इकचा परजीवी आयुष्याच्या तीन अवस्थांत तीन ठिकाणी असतो. माशावर असताना तो कातडीखाली शिरून बसतो. ठिपका दिसतो तो हाच. पोट भरल्यावर तो माशावरून सुटतो, तळाला, वाळूला, लाकडाला चिकटतो, भोवती कोष करतो आणि आत शेकडो पिल्लांत विभागतो. कोष फुटला की ही पिल्लं पोहत बाहेर पडतात आणि एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. या तीनपैकी दिव्यासमोरून जाण्याची शक्यता फक्त तिसऱ्या अवस्थेची.

तिथेही दोन अडचणी. या पिल्लांना मारायला लागणारी मात्रा शेवाळाच्या कितीतरी पट, ९० ते १०० मिलिज्यूलच्या घरात. मित्राच्या यंत्रात ती मिळवायला वेग ताशी ६५० च्या खाली आणावा लागला असता. दुसरी अडचण अंतराची आहे, आणि ती कुठल्याही व्हॉल्व्हने सुटत नाही. लोच दिवसभर त्या मोठ्या लाकडाखाली एकमेकांना चिकटून बसतात. ठिपके तिथेच गळतात, कोष तिथेच होतात, पिल्लं तिथेच सुटतात. मासा चार सेंटीमीटरवर. यूव्हीचं तोंड चार कोपरे, एक ओव्हरफ्लो आणि एक सम्प ओलांडून. ही शर्यत कोण जिंकणार ते उघड आहे. यूव्हीमुळे टाकीतल्या पिल्लांची एकूण संख्या काहीशी घटते, प्रादुर्भाव कमी भडकतो, एवढं मी मान्य करतो. अनेक टाक्या एकाच सम्पला जोडलेल्या असतील तर एका टाकीचा रोग दुसरीत जाऊ नये यासाठी यूव्ही खरोखर मोलाचा, कारण तिथे पाण्याला दिव्यासमोरूनच जावं लागतं. एका टाकीच्या आत तो पहारेकरी नसतो.

मित्राने मला विचारण्याआधीच मॅलाकाइट ग्रीन असलेलं औषध टाकलं. संध्याकाळी टाकलेला निळा-हिरवा रंग सकाळी गायब. त्याने पुन्हा टाकलं. पुन्हा गायब. दोन दिवस गेले, ठिपके वाढले, मग फोन आला.

मी पहिला प्रश्न केला: "यूव्ही बंद केलास ना?"

शांतता.

"आणि कोळसा?"

"कुठला कोळसा?"

टॅनिन ओढायला आम्हीच टाकलेली पिशवी सम्पमध्ये तशीच होती. एका बाजूने कोळसा औषध शोषत होता, दुसऱ्या बाजूने यूव्ही ते तोडत होता. अतिनील किरण फक्त जंतूच तोडतात असं नाही. रंगांची औषधं, वनस्पतींसाठी टाकलेलं चिलेटेड लोह, असे बरेच सेंद्रिय रेणू त्यांच्यासमोर टिकत नाहीत. औषध चालू असेपर्यंत यूव्ही बंद आणि कोळसा बाहेर, ही जोडी पुस्तिकेत लहान अक्षरात असते. लहान अक्षर वाचायला वेळ कुणाला.

दोन्ही काढलं, पाणी बदललं. लोच औषधांना नाजूक, म्हणून औषधाच्या बाटलीवर अशा माशांसाठी सांगितलेल्या कमी मात्रेने नव्याने सुरुवात केली. तापमान दोन दिवसांत हळूहळू २९ वर नेलं, म्हणजे परजीवीचं चक्र लवकर फिरेल आणि पोहणाऱ्या अवस्थेत तो औषधाच्या तावडीत येईल. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो म्हणून हवेचे पंप पुन्हा जोरात. वाळूवरचा गाळ रोज ओढून काढला, कोषांसकट. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही उपचार लगेच थांबवले नाहीत.

सहापैकी चार लोच वाचले. जुन्या माशांपैकी एका रेनबोला ठिपके आले आणि गेले.

सध्या

उपचार संपल्यावर कोळसा परत घातला, औषधाचा अंश गेला, मग यूव्ही पुन्हा चालू व्हायला हवा होता. मी मुद्दामच म्हटलं, थांब. पाणी बदलणं आठवड्याला २५ टक्क्यांवर आलं होतं, दिवे सात तासांवर, नायट्रेट २० च्या आसपास. बघू तरी हिरवं होतं का.

सहा आठवडे यूव्ही बंद होता. पाणी हिरवं झालं नाही.

यावरून आमच्यात अजून एकमत नाही. माझं मत असं की या टाकीला आता यूव्हीची रोजची गरज नाही. नळी जपून ठेवावी आणि पाण्यावर हिरवी छटा आली तर आठवडाभर चालवावा. त्याचं मत असं की एवढी पाइपांची जोडणी केली आहे तर चालू ठेवायला काय जातं, पाणी जरा जास्तच चकाकतं. ते चकाकणं खरं आहे, मी नाकारत नाही. त्याने यूव्ही पुन्हा चालू केला आहे, यंत्रावर नळीच्या तारखेखाली बंद ठेवलेले सहा आठवडे पुढे ढकलून नवी तारीख लिहिली आहे, आणि त्याच्या शेजारी दहा लिटरला २४ सेकंद असंही लिहून ठेवलं आहे. कपाटात सम्पच्या बाजूला आता ६० लिटरची एक रिकामी टाकी आहे. तिच्यावर यूव्ही लावावा का, असं त्याने परवा विचारलं. मी म्हटलं, तिला फक्त चार आठवडे दे.